उघाडीचं चाक

अँब्रोज सुताराने तपासणी साहेबाचं पत्र शाळामास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा ते त्यांच्या हातातून हिसकावलंच. माजिवड्याच्या खाडीबांधात पाणी अडवायचं-सोडायचं लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ती उचलायला सहा गडी लागायचे. अँब्रोजने दातेरी चाक बसवलं, ते मागे फिरू नये म्हणून खिटी लावली, आणि त्याची बायको डोरोथी एकटी दार वर घेऊ लागली. त्या चाकाचं पेटंट मिळावं म्हणून त्याने १८८९ साली अर्ज केला. उत्तर काय आलं? सगळे दावे नामंजूर. कारण, असलं चाक माजिवड्याच्या बांधावर आधीपासून आहे!

"अरे, पन ते माजंच!" अँब्रोज ओरडला.

आता याला काय म्हणावं? त्याचंच चाक त्याच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं होतं.

साहेबाचा माणूस पाहणीला आला, तेव्हा त्याला बांधाचा म्होरक्या दामाजी कोळी भेटला होता. चाक कुणाचं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "गावाचं." त्यात खोटेपणा नव्हता. बांधावर कुणी 'माझं' म्हणत नसे. म्हणेल त्याने फुटलेला बांध एकट्याने बांधावा, अशी रीत. अँब्रोज दामाजीच्या घरी येऊन कडाडला, तेव्हा म्हातारा ओशाळला. "येतो मी सायबाकडं. सांगतो, चाक तुजं."

अपिलाची सुनावणी ठाणे शहरात झाली. गावाची रीत मोडून दामाजीने शपथेवर सांगितलं, चाक अँब्रोजचं. साहेबाने ते मान्य केलं. अँब्रोजचा जीव भांड्यात पडला. मग साहेबाने अँब्रोजला विचारलं, अर्जाआधी चाक किती काळ वापरात होतं?

"दोन वर्सां."

झालं! लोकांनी आधीच उघडपणे वापरलेली वस्तू कायदा नवी धरत नाही. अर्ज होईपर्यंत चाक झाकून ठेवायचं होतं, असं कारकुनाने मराठीत समजावलं आणि वर हसला.

अँब्रोजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दामाजीचा उजवा हात धरून त्याने टेबलावर ठेवला. दोन बोटं नव्हती.

"काकांची ही बोटां जुन्या दारानं नेली. त्याच हप्त्यात मी चाक लावलं. झाकून ठेवलं असतं, दर भरतीला एकेकाची बोटां जाऊ दिली असती, तं चाक माजं झालं असतं. असंच ना?"

हा काय म्हणतो, असं साहेबाने विचारलं.

"निकाल समजला म्हणतोय," कारकुनाने इंग्रजीत सांगितलं.