वादापुरतं धरून चालू

दुसऱ्याच्या पोटावर पाय येत असताना तुम्ही कधी 'वादापुरतं धरून चालू' असं म्हणालात का? म्हणाला नसाल तर देवाची कृपा समजा. रोंडा स्टकीच्या बाबतीत ते म्हटलं गेलं. आणि म्हणणारा तिच्याच बाजूचा होता.

रोंडा आमच्या ओहायोतल्या काउंटीत शाळेची बस चालवायची. वाळवलेलं हरणाचं मांस चघळत, आरशातून मागच्या बाकावर डोळा ठेवून. जिभेला हाड नाही. एकदा चर्चमध्ये पाद्र्याचं प्रवचन लांबलं, तर ही उठून म्हणाली, "मुद्द्यावर या, घरी ओव्हनमध्ये कोंबडी आहे!"

एका मंगळवारी सकाळची फेरी संपवून, बस आवारात लावून ती घरी आली आणि कॉफी घेता घेता फेसबुकवर लिहिलं, "माझ्या बसचे ब्रेक धड लागत नाहीत, हे मी थंडीपासून बोंबलून सांगतेय. शाळांच्या सुपरिंटेंडेंट साहेबांनी फुटबॉलच्या मैदानाला नवा स्कोअरबोर्ड घेतला. उतारावर पोरांना स्कोअर वाचून दाखवू का?"

दुसऱ्याच दिवशी तिच्याकडून बसची चावी काढून घेतली. नोकरी ठेवायची की काढायची, हे शाळामंडळ जाहीर सभेत ठरवणार होतं.

बातमी पसरली आणि राज्यघटनेचे पंडित जागे झाले. कायद्याचे प्राध्यापक जिथं एकमेकांची लक्तरं काढतात, असा एक ब्लॉग आहे. तिथं जुंपली. सरकारी नोकराला साहेबाविरुद्ध बोलायचा हक्क आहे की नाही? या लोकांची एक खोड असते. समोरचं माणूस बाजूला सारायचं आणि 'समजा' सुरू करायचं. समजा ती शिक्षिका असती तर? समजा तिनं शिवी दिली असती तर?

प्रोफेसर एलियट ब्रॅनिगन रोंडाच्या बाजूनं लढत होते. त्यांच्या जमातीत मर्दुमकी अशी, की विरोधकाला हवं ते देऊन टाकायचं आणि वर जिंकून दाखवायचं. त्यांनी लिहिलं, "वादापुरतं धरून चालू, की तिनं हे मुलांनी भरलेली बस चालवता चालवता लिहिलं. तरीही तिचा हक्क शाबूत राहतो."

टाळ्या पडल्या. विरोधकानं लिहिलं, "ब्रॅनिगन मान्यच करतात, की..." तिसऱ्यानं शीर्षकच दिलं, 'चालत्या बसमधून लिहिणारी चालक'. 'वादापुरतं' वाटेत कुठं गळून पडलं, कुणी वळून पाहिलं नाही. शाळेच्या वकिलानं मात्र उरलेलं वाक्य अलगद उचललं. बाईंचे समर्थकही हे नाकारत नाहीत, म्हणे!

दुसरी बस चालवणाऱ्या मार्सीचा फोन आला. "अगं रोंडे, पोरं बसलेली असताना तू फोनवर होतीस?"

"तुझी अक्कल चरायला गेलीय का, मार्सी? त्या दिवशी बस लावताना माझ्या शेजारी कोण होतं?"

"मीच होते की. पण एवढ्या शिकलेल्या माणसांनी लिहिलंय ना गं..."

शेजारी उभी असलेली मैत्रीणसुद्धा डगमगली! रोंडानं ब्लॉगवर खाली लिहिलं, "ती बाई मी. बस उभी होती, मी घरी होते. ती ओळ काढा, शहाण्या गाढवांनो." थोड्या वेळानं पाहिलं, तर तिचंच लिहिणं गायब. सभ्यतेच्या नियमात बसत नाही म्हणे. अभिव्यक्तीचे राखणदार हे!

तिनं ब्रॅनिगनना फोन लावला.

"मॅडम, संदर्भासकट वाचलं तर ते गृहीतक आहे, हे स्पष्टच आहे."

"माझी नोकरी संदर्भासकट जात नाहीये, प्रोफेसर. नुसतीच जातेय."

"पण आता दुरुस्ती केली तर माझा युक्तिवाद लंगडा दिसेल."

"दिसू दे ना! तुमच्या युक्तिवादाला घरभाडं थोडंच भरायचंय?"

शेवटी प्रोफेसर म्हणाले, "सभेला येतो. सगळ्यांसमोर सांगतो."

आले. टाय लावून आले. रोंडाचं बोलून झालं होतं, आणि वकिलानं ते एका वाक्यात उडवून लावलं होतं, "बाई असं म्हणणारच. त्यांचे प्रोफेसर काय लिहितात ते पाहा." आता प्रोफेसरच माइकसमोर. सभेत प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं मिळतात, हे काउंटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ब्रॅनिगननी सुरुवात केली घटना लिहिणाऱ्यांपासून. मग एक निकाल. मग त्या निकालावरची टीका. मग त्या टीकेतल्या त्रुटी.

"मुद्द्यावर या!" रोंडा ओरडली.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. "गप्प बसा, नाहीतर बाहेर काढीन."

"आता वस्तुस्थितीकडे वळतो," ब्रॅनिगन म्हणाले. "ती बस..."

घंटा वाजली. माइक बंद झाला. ब्रॅनिगनचे ओठ हलत राहिले. मंडळातले सगळे हात रोंडाच्या विरोधात वर गेले.

बाहेर गाड्यांपाशी ते पुटपुटले, "मी सविस्तर लेख लिहीन."

"लिहा. पण या खेपेला 'समजा' म्हणू नका. आधी मला विचारा."

लेख आला, चांगला जाडजूड. तिला कुणी विचारलं नव्हतं. रोंडा हल्ली खडीचा ट्रक चालवते. त्याचे ब्रेक लागतात. शाळेच्या बसचे, मार्सी म्हणते, अजून तसेच आहेत.

ती ओळही ब्लॉगवर अजून तशीच आहे. तेव्हा तुम्ही एक करा. तिथं जा आणि त्या ओळीखाली लिहा, 'बस उभी होती. रोंडा घरी होती.' पुसलं, तर पुन्हा लिहा.