विमानाच्या शेपटीवरची तीट

माझ्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूला डाव्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याची एक तीट असते. नव्या वस्तूला नजर लागू नये म्हणून. गाद्या भरायचे तेव्हापासूनची सवय. हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही.

शहरातल्या विमान संग्रहालयाच्या भेटवस्तूंच्या दुकानाचा व्यवस्थापक मलकापूरला आला, तेव्हा मी त्याच्यापुढे नमुने मांडले. कीचेन सगळीकडे मिळतात म्हणाला. लाकडी विमान त्याला जड वाटलं. कापूस भरलेलं निळं विमान मात्र त्याच्या हातातून सुटेना. त्यांच्या दालनातल्या जुन्या विमानाचे फोटो समोर ठेवून मीच ते बेतलं होतं. पोरानं कुशीत घ्यावं इतकं मऊ, पण नाक ताठ.

"भाव जरा कमी करा, ताई."

"नाही जमत. आत कापूस हाय साहेब, चिंध्या नाही."

"तुमची भाषा मोठी गमतीची आहे हो," तो हसत म्हणाला.

ते हसणं मी जपून ठेवलं. कळवतो म्हणून तो नमुना घेऊन गेला आणि पुढे माझा फोन उचलेना.

मग शेजारीण ते संग्रहालय पाहून आली आणि तिथून माझ्या नातवासाठी निळं विमान घेऊन आली. कापड तेच, नाक तेच, आत मात्र स्पंजचा चुरा. आणि शेपटीला, डाव्या बाजूला, काळी तीट. नक्कल करणाऱ्यानं तीही इमानेइतबारे उतरवली होती. एरवी मी भांडी आपटली असती. त्या दिवशी शहराची गाडी धरली.

संग्रहालयाच्या संचालकबाईंसमोर, व्यवस्थापकाला बोलावून, मी ते विमान टेबलावर ठेवलं.

"साहेब, हा काळा ठिपका कायचा हाय?"

"इंधनाच्या टाकीचं झाकण. मूळ विमानाबरहुकूम आहे सगळं."

"शेपटीत?" संचालकबाई म्हणाल्या.

"चाला न मग. खऱ्यावर दाखवा मले."

दालनात तो वाकून शेपटी न्याहाळत राहिला. मी घाई केली नाही. मग पिशवीतून माझ्या कारखान्यातली उशी काढली, दुपटं काढलं, विमान काढलं. सगळ्यांना तीच तीट.

"नजर लागू नये म्हणून घालतो आम्ही. तुमी त चोरीच्या मालाले बी नजर लागू देली नाही, साहेब."

संचालकबाईंनी काम मला देऊ केलं. "झालं गेलं विसरा, ताई," तो म्हणाला. मी त्यासाठी एवढ्या लांब आले नव्हते. म्हटलं, दुकानात मांडलेल्या प्रत्येक विमानाची तीट यानं स्वतःच्या हातानं उसवायची, आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर तुमचं काम तुम्हालाच लखलाभ. हातातलं काम जाईल, हे मला कळत होतं. तरी शब्द मागे घेतला नाही.

संचालकबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो कात्री घेऊन काउंटरमागे बसला. गिऱ्हाइकं बघत होती. तीट निघाली की तिथे भोक पडायचं आणि स्पंजचा चुरा त्याच्या पँटवर सांडायचा. मी समोर खुर्ची ओढून चहा मागवला. एकदा त्यानं वर पाहिलं.

"त्या मघाच्या विमानाले दोरा राह्यला, साहेब," मी म्हटलं. "परत घ्या."