आत्याचे दहा लाख दहा हजार

आमची आत्या शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. सव्वीस वर्षं. कॉलर आणि कफ शिवणाऱ्या बायका स्वतःला कारागीर म्हणवून घेत आणि हिला भोकं पाडणारी म्हणत, पण तोंडावर नाही. तिच्या तोंडाला लागायची हिंमत कोणाचीच नव्हती. कारखान्यात तिचं नाव तोफ. घरातही तेच, फक्त पाठीमागे.

तिचा जन्माचा वैरी म्हणजे बायकांचं काम तपासणारा कारखान्याचा मास्तर. हा माणूस सदानकदा दोन टाचण्या ओठांत धरून बोलतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य दातांच्या फटीतून गळत बाहेर येतं. काय गं तोफ, हे काज आहे की उंदरानं कुरतडलंय, असं रोज. सगळ्यांदेखत शर्ट तिच्या अंगावर भिरकावायचा, वर मजुरी कापायचा. आत्याला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. या माणसाचं तोंड पुन्हा बघायला लागू नये.

मग तिचे यजमान, आमचे काका, वारले. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान विकलं. तिच्या मुलाने सही दिली ती एका अटीवर : व्याज तू खा, मुद्दल माझं. नऊ लाख ऐंशी हजार तिच्या बचत खात्यात आले. बँकेच्या भिंतीवर फळा होता : दहा लाखांपर्यंत तीन टक्के, दहा लाखांपुढे सात टक्के. तो वाचून आत्या जागीच थबकली, कारण असाच फळा कारखान्यात तिच्या डोळ्यांसमोर सव्वीस वर्षं टांगलेला होता. दिवसाला दोनशे काजांपर्यंत एक दर, दोनशेपुढे चढा दर. आणि तिथली रीत अशी की दोनशे एकावं काज पडलं, की त्या दिवसाच्या सगळ्याच काजांना, अगदी पहिल्यापासून, चढा दर. त्या एका काजासाठी बायका जेवणाचा डबा बंद ठेवून मशीनवर बसत. तेव्हा आत्याच्या लेखी शंकेला जागाच नव्हती.

तिने दोन बांगड्या आणि गळ्यातली साखळी विकून तीस हजार उभे केले. झाले दहा लाख दहा हजार. तरी खात्री करायला खिडकीशी गेली. तिथला कारकून प्रत्येक वाक्याला ‘ओके?’ लावतो आणि तुम्ही ओके म्हणायच्या आत पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. दहा लाख ओलांडले की सात लागणार ना, असं तिने दोनदा विचारलं. आपोआप लागणार, ओके? असं त्याने दोनदा सांगितलं. तोही खोटं बोलत नव्हता.

सात टक्क्यांनी वर्षाचे सत्तर हजार सातशे. महिन्याला पाच हजार आठशेच्या वर. खोलीचं भाडं, किराणा, गुडघ्याची गोळी, सगळं त्यात बसत होतं. मग एका दुपारी आत्याने मशीन बंद केलं आणि उभी राहिली. चाळीस बायकांचे हात थांबले.

“टाचण्या काढ तोंडातून, आज मी बोलणार आहे,” ती मास्तरला म्हणाली. “तुझी बायको गेली ना, ती दुसऱ्या कुणासाठी नाही गेली. नुसती गेली. तुझ्यापेक्षा कुणी नसलेलं बरं वाटलं तिला.”

हे मास्तरला आधीच माहीत असावं, कारण त्याने मुकाट्याने टाचण्या काढल्या आणि तिचा हिशेब चुकता केला. बायका इतक्या हसल्या की एकीने कफाबरोबर स्वतःचं बोट शिवलं.

तीन महिने आत्याचा थाट बघण्यासारखा होता. भर सकाळी आमच्या आईला फोन करून, अजून भांडीच घासतेस का गं, असं जांभई देत विचारायची. मग पासबुकात व्याज पडलं. सात हजार सहाशे पंचाहत्तर. तिने हिशेबाने सतरा हजार सहाशे पंचाहत्तर धरले होते, म्हणून आधी ती कारकुनाला एवढंच म्हणाली, की पहिला एक छापायचा राहिलाय.

“मावशी, दहा लाखांना तीनच. वरच्या दहा हजारांना तेवढे सात. ओके?”

“पण मी ओलांडले ना.”

“ओलांडलेत ते दहाच हजार.”

आत्याने त्याला काजांची रीत समजावली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, शेजारच्या खिडकीतल्याला हाक मारली आणि ते सगळं पुन्हा सांगायला लावलं. आपलं म्हणणं पटतंय असं वाटून ती आणखी खुलून, बोटांवर काजं मोजत सांगत राहिली. रांगेतली माणसंही हसायला लागली तेव्हा तिला कळलं. मुदत ठेवीचा दर विचारला. पाच. म्हणजे महिन्याला चार हजार दोनशे. सोळाशे कमीच पडत होते. मुलाला फोन केला, तर त्याने मुद्दल जागेवर आहे ना, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दोन कारखान्यांत काजं आपोआप पाडणारी मशिनं आली होती. तिसरा कारखाना मास्तरचा.

ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या जागेवर एक तरणी मुलगी बसली होती. बायकांना वाटलं, आता तमाशा. पण मास्तर उठला, खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. त्याने कुणाला अहोजाहो केलेलं त्या छपराखाली कुणी ऐकलं नव्हतं.

“या आजी,” तो म्हणाला. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे तो. “मशीन काही तुम्हाला आता झेपायचं नाही. खाली बसून धागे कापाल का? घाई नाही, जमेल तसं.”

“कापीन.”

“मोठ्याने बोला, आजी. मशीनचा आवाज आहे.”

“कापीन म्हटलं.”

गुडघे वाकत नव्हते, म्हणून दोघींनी बगलेत धरून तिला जमिनीवर बसवलं. मास्तरने कात्री स्वतः आणून दिली. तेव्हापासून रोज सकाळी तो सगळ्यांदेखत आजींची तब्येत विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नाही.