नागनाथकाकांची पत्रिकेची मशीन

तेव्हाच्या आंध्रातल्या भैंसा गावात आमच्या शेजारी नागनाथकाका राहायचे. कापसाच्या जिनिंगमधली कारकुनी सुटल्यावर त्यांनी हैदराबादहून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि घरीच ओसरीवर बसून मराठीत जन्मपत्रिका छापून देऊ लागले. माणूस मुळात घाबरट. मशीन चालू असताना जवळ कोणी शिंकलं तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. त्यात मशीनची मेमरी तुटपुंजी. मराठी अक्षरं चढवली की बरीचशी तिथंच संपायची. एक पत्रिका कशीबशी निघे. दोन जुळवायच्या तर आधी माऊसचा प्रोग्राम उतरवून जागा करावी लागे, नाहीतर दुसऱ्या नावाला मशीन हँग व्हायची. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण काका दुसरं काही बोलायचेच नाहीत.

पंच्याण्णव साली मुधोळचे लोक मला बघायला आले. आधी एक स्थळ मोडलं होतं. पाहुण्यांना मशीनची नवलाई. पत्रिका तिच्यावरच जुळवायच्या म्हणाले. काकांना असा घाम फुटला की माऊस उतरवायचाच राहिला. मुलाचं नाव घातलं, पत्रिका आली. माझं घातलं आणि मशीन हँग झाली.

मुलाचे मामा माणिकराव लगेच म्हणाले, "पोरीच्या नावालेच काऊन अडली? लक्षण बरं नाही."

मी दाराआड उभी होते. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. खरं सांगते, मला रडू आलं नाही, संताप आला. जागा मशीनच्या डब्यात नाही आणि खोट माझ्या नशिबात.

काकांना चूक कळली होती. पण आता माऊस उतरवून मशीन चालवली असती, तरी मामांच्या मनातून ते लक्षण गेलं नसतं. म्हणाले, "पुना घालून पाहू. या टायमाले पोरीचं आधी." त्यांनी मशीन बंद करून चालू केली आणि माऊस मुद्दाम तसाच राहू दिला. माझं नाव एकदा चुकलं, पुन्हा घालावं लागलं. माझी पत्रिका आली. मग मुलाचं नाव घातलं. मशीन हँग झाली.

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "मशीनच बिघडेल दिसून राह्यली," ते म्हणाले. "गुरुजीकडूनच जुळवून घेऊ."

गुरुजींनी जुळवल्या, माझं लग्न झालं. माणिकराव मात्र बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले, की नागनाथची मशीन खोटी. काकांकडे पत्रिकेला कोणी येईनासं झालं.

दिवाळीला माहेरी आले तर मशीनवर चादर टाकलेली. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "काका, खरं कारण सांगून टाकायचं होतं त्यांना."

"त्यायले पटलं असतं का?" काका चादरीची सुरकुती सारखी करत म्हणाले. "तुह्या नावाले लागलेला बट्टा निघाला नसता, पोरी. मशीनले थोडंच लग्न करा लागते."