पटेलांच्या दारातले सूप

नोकरीतल्या बऱ्याच घटना मी विसरलो आहे, आणि काही विसरल्याचे साक्षीच्या पिंजऱ्यात सांगितले आहे. ही एक मात्र विसरण्याचा प्रामाणिक प्रयत्न करूनही जात नाही. तिच्यात कोणी मेले नाही, कोणी लुटले गेले नाही. जळाले ते फक्त एक पुंजणे.

कापलेल्या धानाचे भारे मळणीआधी खळ्यावर रचून ठेवतात, त्या ढिगाला आमच्याकडे पुंजणे म्हणतात. एका घराचे वर्षाचे अन्न त्यात असते. धानाच्या शेताला बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला पाळी.

मी तेव्हा बालाघाट जिल्ह्यात, कटंगीच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर. ठाण्यात कागद हिंदीत लिहिले जात, चौकशी मराठीत होई आणि शिव्या दोन्ही भाषांत. सहा डिसेंबरचा दिवस होता. बंदोबस्त आटोपून मी परतलो, तर बाकावर एक पन्नाशीची बाई बसलेली. अंगावर पांढरी साडी, तिच्यावर काजळीचे डाग. तिच्या टोल्यातले, म्हणजे वस्तीतले, सगळे लोक सकाळीच अभिवादनाच्या कार्यक्रमाला बालाघाटला गेले होते. दुपारी ती बसमधून उतरली तेव्हा तिला रस्त्यावरूनच धूर दिसला.

"माहं पुंजणं जाळलं, साहेब," ती म्हणाली. "पहिलंच पीक होतं."

सोबत नवरा होता. तो तिच्यापेक्षा हळू बोलला. "पोरगा नागपूरले बोलावून राह्यला. मी तं म्हनतो, इकून टाकू वावर आन् जाऊ."

"तुमी जा," बाई म्हणाली. "मी रिपोट लिहून रायते."

गावाची रचना सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. रस्त्याच्या एका बाजूला शेतकरी समाजाची वस्ती, दुसऱ्या बाजूला बौद्धांचा टोला. दोन्ही समाज काही पिढ्यांपूर्वी विदर्भातूनच आलेले. बोली एक, भात एक, भाजीला फोडणी एक. फरक इतकाच, की एकाने येताना नांगर आणला आणि त्याला जमीन मिळाली. दुसऱ्याने हात आणले, त्याला त्या जमिनीवरचे काम आणि गावच्या राखणीची कोतवारी मिळाली. पुढे टोल्याने मुलांना शाळेत घातले. कोणी शिक्षक झाला, कोणी नर्स, कोणी रेल्वेत लागला. शेतकऱ्यांच्या जमिनी भावाभावांत वाटून पट्ट्यांएवढ्या झाल्या आणि मुले भरतीच्या तयारीच्या नावाखाली चौकात मोटारसायकलींवर बसू लागली. "ते पुढे गेले, आपण मागे राह्यलो," हे वाक्य मी रस्त्याच्या अलीकडच्या प्रत्येक ओसरीवर ऐकले आहे. मी स्वतः रस्त्याच्या अलीकडच्याच समाजातला. माझ्या लहानपणीही ते म्हटले जाई आणि ते खरे आहे का, हे कोणी मोजून पाहत नसे.

या तपासात पटवाऱ्याला बोलवावे लागले, म्हणून मी पाहिले. गावचे जवळजवळ सगळे धानाचे शिवार, दोन्ही राईस मिल, सगळे ट्रॅक्टर रस्त्याच्या अलीकडच्यांचे होते. सरपंच अलीकडचा, सोसायटीचा अध्यक्ष अलीकडचा. पलीकडच्यांच्या नावावर होती दोन एकर जमीन, ती या बाईची, आदल्या वर्षी घेतलेली. पुढे जाणे म्हणतात ते एवढेच होते: गिलावा केलेल्या काही भिंती, आणि दोन एकर.

खबर दुसऱ्या दिवशी आली. चौकातला एक हॉटेलवाला फोनवर दबक्या आवाजात बोलला. "साहेब, आपले हाव म्हनून सांगतो. बाईनंच जाळलं. सरकारी मुआवजा भेटते ना. यायले सारं समजते, शिकलेले आहेत."

त्यानंतर तीच खबर आणखी तिघांकडून आली आणि प्रत्येकाच्या तोंडी ते 'आपले' होते. खबरी मिळवायला मला कधी पैसे मोजावे लागले नाहीत. आडनाव पुरत होते. नियमाप्रमाणे मी खबर रोजनामच्यात नोंदवली आणि नियमाप्रमाणेच बाईला पुन्हा बोलावले. जिचे जळाले तिलाच विचारायचे की तू जाळलेस का. पोलिसांच्या कामात हा प्रश्न विचारावा लागतो. पण विचारताना माझा मुन्शीही कागदातून वर पाहत नव्हता.

बाईने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "साहेब, माह्या सासऱ्यानं त्याच बांधीत जिंदगी काढली. दुसऱ्याची होती तवा. म्या ते वावर घेतलं, श्री पद्धतीनं रोवणी केली, रोज पाळीवर जाऊन लोंब्या पाहत होती. आन् मी जाळन? काहून जाळन?"

"लोक म्हणतात, मुआवज्यासाठी."

"लोकाइले इचारा, त्याइनं कधी जाळलं का आपलं धान." मग मुन्शीच्या कागदाकडे बोट दाखवून, "पैसे नका देऊ मले. पन मीच जाळलं असं गाव म्हनून राह्यलं, ते खोटं हाय म्हनून लिहून द्या."

मुआवजा नको म्हणणारा फिर्यादी मला त्याआधी भेटला नव्हता. दरम्यान एक पुढारी येऊन गेले. राखेच्या ढिगाशेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला, बाईला एक शाल दिली आणि दोषींना सोडणार नाही असे जाहीर केले. दोषी त्या वेळी त्यांच्या मागेच, पंधरा पावलांवर, हात जोडून उभा होता. हे आम्हाला नंतर कळले.

पंचनाम्यात इतर वस्तूंबरोबर एक नोंद होती: जुन्या कातडी चपलांचा जोड, खळ्याच्या काठावर, शेजारी-शेजारी ठेवलेला. आग विझवायला धावलेल्या कुणाचा तरी असेल, असे सगळ्यांनी धरले. मीही धरले. दोन दिवसांनी मालखान्यात, जप्त मालाच्या खोलीत, तो चपलांचा जोड पुन्हा पाहिला आणि पंचनामा लिहिणाऱ्याला विचारले, कसे ठेवलेले होते? तो म्हणाला, देवळाबाहेर ठेवतात तसे.

आग विझवायला धावणारा माणूस चपला काढून, नीट जुळवून ठेवत नाही. पण आमच्याकडचा शेतकरी खळ्यात चप्पल घालून जात नाही. तिथे लक्ष्मी असते. माझे वडील पायात काटा मोडला तरी खळ्यात अनवाणीच फिरत. ही सवय आहे, तिला विचार लागत नाही. आलेला माणूस जाळायला आला होता आणि तरी त्याने चपला काढल्या होत्या. वाऱ्याने ज्वाळा काठाकडे वळल्या असणार, आणि तो दुसऱ्या पाळीवरून पळाला.

मी खात्री करायला बाईला विचारले, "तुम्ही खळ्यात चपला काढता?"

"नाय जी. काड्या टोचते पायाले. बूट घालूनच काम करतो आमी." मग ती हसली, फार नाही. "माह्या सासऱ्याले तं खळ्यात येऊच देत नोहोते. काठावर उभे रायत. तिथंच सुपातून वाटा टाकत त्याइच्या पदरात. चपला काढाचा सवालच नोहता."

ते खळे, ती बांधी, ज्यांची होती त्यांना गाव पटेल, म्हणजे पाटील, म्हणे. सत्तरी ओलांडलेले, शांत, गावाच्या भांडणात मध्यस्थी करणारे. मुलाला तुमसरला मोबाईलचे दुकान टाकायचे होते, शेती करायला घरात कोणी उरले नव्हते, म्हणून त्यांनी दोन एकर विकले. पुंजणे जळाल्यावर सगळ्यांत आधी बाईच्या घरी सांत्वनाला निरोप पाठवला तो त्यांनीच. स्वतः गेले नाहीत, गडी पाठवला. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

मी चपला मालखान्यातून नोंद करून बाहेर काढल्या, दोन पंच घेतले आणि पटेलांकडे गेलो. पुढे बचावाच्या वकिलाने ओळख पटवण्याच्या या पद्धतीवरून मला बराच वेळ उभे केले, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. ओसरीवर खुर्च्या टाकल्या गेल्या. पटेलांच्या पायात नव्या कोऱ्या रबरी चपला होत्या. मी पिशवी उघडून जोड जमिनीवर ठेवला आणि हवापाण्याचे बोलू लागलो. सूनबाई चहा घेऊन आली. तिची नजर खाली गेली.

"बाबा," ती सहज म्हणाली, "तुमच्या चपला भेटल्या जी. साहेबाइनं आनल्या."

पटेलांनी चहाची कपबशी हातात घेतली नाही. सुनेला म्हणाले, "तू जाय बाई आत."

ठाण्यात मी त्यांना खुर्ची दिली. ही सवलत सगळ्यांना मिळत नाही, हे मला माहीत होते, त्यांनाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही. त्यांनी तो पुढे न्यायाधीशांपुढेही दिला, म्हणून इथे सांगतो.

"जमिनीचा भाव कमी मिळाला का?" मी विचारले.

"नाय. भाव बराबर देल्ला त्याइनं."

"मग काही वाद? पाण्याचा, पाळीचा?"

"काई नाय." त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी पाहिली. "तुमी आपले हाव. तुमाले समजन."

"सांगा."

"पाच-सा दिवस आधी ते आली होती. बाई. आमच्या दारात. हातात सूप. सुपात नवं धान. म्हने, बाबाजी, तुमच्या वावरातलं पहिलं धान हाय, एक भारा झोडून तुमाले आनलं." त्यांनी दोन्ही हात सूप धरल्यासारखे पुढे केले. "आमी देनारे होतो, साहेब. तिच्या सासऱ्याले म्या माह्या हातानं देल्लं. आता ते माह्या दारात सूप घिऊन उभी. आन् धान असं का, माह्या बांधीत म्या कधी तसं पिकोलं नाय. सून बाहेर आली, सूप घेतलं, थ्यांक्यू म्हने तिले. मी आत बसूनच रायलो."

"राग आला?"

"राग नाय. लाज वाटली." मग, "ते भांडाले आली असती तं बरं झालं असतं."

मला वाटते, कोणत्याही परक्या अधिकाऱ्याने इथे आणखी चार प्रश्न विचारले असते. सूप आणले म्हणून कोणी पुंजणे जाळतो का, हे त्याला पटले नसते. मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. खून, दरोडे, फसवणूक, या सगळ्यांत गुन्हेगाराचे मन समजून घ्यायला मला मेहनत करावी लागली. इथे मेहनत पडली नाही. म्हाताऱ्याने 'तुमाले समजन' म्हटले आणि मला समजले, या एका गोष्टीची लाज मला त्याच्या गुन्ह्याहून जास्त वाटली.

गुन्ह्यात अत्याचार प्रतिबंधाची कलमे लागली, म्हणून तपास माझ्याकडून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे गेला. त्याआधी शिष्टमंडळ आले. सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष, समाजाचे जिल्हा पातळीवरचे तीन पदाधिकारी. पाचही जणांचे कपडे एकाच इस्त्रीवाल्याकडचे वाटत होते. एकाने मला गुच्छ दिला. ठाण्यात गुच्छ कुठे ठेवायचा, हा प्रश्न पडला. शेवटी तो हवालातीच्या दारावरच्या खिळ्याला अडकवला.

"कलमं कमी करा," सरपंच म्हणाले. "बुढा मानूस आहे. आन् साहेब, तुमी पाहून राह्यले ना, ते लोक कुठल्या कुठं गेले. आता अत्याचार त्यायच्यावर का आपल्यावर?"

मी पटवाऱ्याचा कागद समोर ठेवला. त्यांनी तो वाचला नाही. तो त्यांना पाठ होता.

"बाई राजीनामा करत असल तं?" अध्यक्षांनी विचारले. आमच्याकडे तडजोडीला राजीनामा म्हणतात. "नुकसानीचं दुप्पट देतो. वावर परत देत असल तं त्याचाबी चांगला भाव देतो."

या गुन्ह्यात तडजोड बसत नाही, हे मी सांगितले. तरी ते बाईकडे गेलेच. दुसऱ्या दिवशी बाई ठाण्यात आली, नवऱ्याला घेऊन. नवरा म्हणाला, रक्कम चांगली आहे, नागपूरला घर होईल. बाईने त्याला बोलू दिले, मग मला म्हणाली, "साहेब, कायदा काय म्हनते ते तुमी पाहा. माहं येवढंच. पटेल बाबानं आमच्या टोल्यात यावं. चौकात उभं रावून म्हनावं, बाईनं नाय जाळलं, म्या जाळलं. मंग मी कोर्टात काई वाढवून नाय सांगनार. पैसे नको."

मी हा निरोप स्वतः पटेलांना दिला. ते तेव्हा जामिनावर घरी होते. मला वाटले, सोपे आहे. रस्ता ओलांडायचा, एक वाक्य बोलायचे. न्यायालयात तेच वाक्य त्यांनी दिलेच होते.

पटेलांनी ऐकून घेतले. "न्यायाधीशासाहेबापुढं बोल्लो मी," ते म्हणाले.

"हो."

"गरज पडली तं पुन्हा बोलन. जेलात जाईन. पन टोल्यात नाय येत."

"का?"

"तुमाले माहीत हाय काहून."

मला माहीत होते. मी उठलो.

त्यांना शिक्षा झाली. वयामुळे ती थोडी होती, आणि ती त्यांनी मान खाली घालून भोगली. तोवर माझी बदली झाली होती. अनेक वर्षांनी, निवृत्तीनंतर एका लग्नासाठी त्या बाजूला गेलो, तेव्हा गाडी थांबवून मी बांधीपर्यंत चालत गेलो. रोवणी झालेली होती, ओळीत, दोरी लावून केल्यासारखी. नवरा नागपूरला मुलाकडे राहत होता, सणाला येई. बाई एकटी होती. तिने मला ओळखले, पाणी दिले.

मी विचारले, गावात आता काय म्हणतात?

"काय म्हनतीन," ती म्हणाली. "म्हनते, बाईनंच जाळलं आन् बुढ्याले फसोलं. कोर्टाचा कागद माह्याजवळ हाय. पन गाव कागद नाय वाचत, साहेब."

मी तिला म्हणालो की मी गावात जाऊन सांगू शकतो. माझे ते ऐकतील.

तिने माझ्याकडे बघितले. त्या नजरेत राग नव्हता, कीवही नव्हती. "ऐकतीन," ती म्हणाली. "तुमचंच ऐकतीन. म्हनूनच नका सांगू."

पुढे ती बांधीत उतरली. नोकरीत मी शिकलो ते बहुतेक कायद्याच्या पुस्तकात होते. हे नव्हते. मी पाळीवर थोडा वेळ उभा राहिलो, मग गाडीकडे परत चालू लागलो.