आधी उठायचं

"वन्सं, ह्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. रत्नागिरीला आणतोय." फोनवर वहिनीच्या आवाजात रडं नव्हतं, म्हणूनच मी घाबरले. मनोहरदादा मला थेट इस्पितळात भेटला. म्हणाला, "बाय, उठवतच नाय गो आता." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. तो आठवडा संपायच्या आत दादा गेला... शेतातल्या चिखलपाण्यातून येणारा लेप्टोचा ताप, मूत्रपिंडं निकामी.

लांज्याजवळच्या आमच्या गावात दादा पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. बोलका, खवचट, आमटीत मीठ कमी पडलं तर शेजारघरी ऐकू जाईल असा. हा माणूस हळूहळू विझत गेला. कारण कोणालाच सापडलं नाही. आधी दुकान उशिरा उघडू लागला, मग उघडेनासाच झाला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. गावकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. कोणी आळस म्हणालं, कोणी बाहेरचं. शेवटी वहिनी त्याला माझ्याकडे रत्नागिरीला घेऊन आली आणि आम्ही मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि समुपदेशक मॅडमकडे पाठवलं.

"मन लागत नाय," दादा त्यांना म्हणाला. "लागलं की करीन सगळं."

"मन लागायची वाट बघू नका," मॅडम म्हणाल्या. "या आजारात आधी उठायचं, थोडंसं काहीतरी करायचं. मन मागून येतं. कधी कधी बरंच मागून..."

कामं तरी काय, चहाआधी आंघोळ, वहाळाच्या पाण्यापर्यंत चालणं, दुकानाचं शटर नुसतं वर करायचं, दुरुस्ती नको. जमलं की पुढच्या भेटीत थोडं वाढवायचं. एवढ्याने काय होणार, असं मला वाटायचं. दादा मात्र सांगितलेलं सगळं करत राहिला. वहिनी वहाळापर्यंत त्याच्यामागून चालायची. मी फोन केला की म्हणायचा, "केलं गो सगळं. पण आत काय हलत नाय." "बरं, करत राहा," एवढंच मी म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

असे कितीतरी महिने गेले. मग एका सकाळी वाटेत कोणाच्या तरी विहिरीवरचा पंप चालू होता. दादा थांबला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "ह्या मोटारीचं बेअरिंग गेलंय." तेवढं एक वाक्य मला सांगताना वहिनी फोनवर रडली.

यंदा तो आपणहून भातलावणीला शेतात उतरला. मीही गेले होते. पाय घसरून तो चिखलात बसकण मारून पडला, बायका हसल्या आणि त्यांच्याबरोबर तोही हसला. त्याचं हसणं मी दोन वर्षांनी ऐकलं.

पुढे काही दिवसांनी त्याला उठवेना. जेवण जाईना, अंग मोडून आलेलं, तोंड पुन्हा भिंतीकडे. "परत आलं गो ते," असं त्यानेच वहिनीला सांगितलं. तिलाही तेच वाटलं. दिसत तर तसंच होतं... अंगातली कणकण त्याने सांगितली नाही, त्यालाही ती त्या जुन्याच दुखण्याची वाटली असावी. शिकवलं होतं तसं तो उठला. भिंतीला धरून आंघोळीला गेला, वहाळापर्यंत चालला. वहिनी मागून बघत होती आणि तिला त्याचं कौतुक वाटत होतं. डोळे पिवळे झाले तेव्हा फार उशीर झाला होता.

मॅडमना मीच कळवलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांना उठायला शिकवलं हो..." शेतात उतरला नसता तर ताप आला नसता. उतरला नसता तर हसलाही नसता. या दोन गोष्टी मी रोज घेऊन बसते.

गणपतीनंतर गावी गेले. भात पोसवलं होतं. बांधावर उभं राहून वहिनीने एक कोपरा दाखवला. बाकी सगळ्या ओळी सरळ, तिथल्या मात्र वाकड्यातिकड्या, हाताची सवय मोडलेल्या माणसाने लावलेल्या. लोंब्या मात्र इतरांसारख्याच भरलेल्या.

"ह्याला विळा लावायचं मन होत नाय, वन्सं," ती म्हणाली. तिने एक लोंबी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाली, "पण कापायला तर लागेलच. याल ना तुम्ही?"

"येईन," मी म्हटलं. त्याहून जास्त मला काही करता येण्यासारखं नव्हतं.