भोपूचा आवाज

इंदिरानगरच्या ज्या सोसायटीत सुमनबाई निकम राहत, तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं की या बासष्ट वर्षांच्या बाईंनी अकरा वर्षं एका दहा वर्षांच्या पोराचा आवाज काढला होता.

'कंदील टोळी' हे परदेशी कार्टून. समुद्राकाठच्या गावातली चार मुलं कंदील घेऊन भुताखेतांच्या भानगडी उकलायची, आणि शेवटी भूत म्हणजे कुणीतरी लबाड माणूसच निघायचा. त्यातला सगळ्यांत धाकटा आणि भित्रा तो भोपू. मराठीत त्याला आवाज सुमनबाईंचा. त्या शाळेत ग्रंथपाल होत्या. स्नेहसंमेलनात त्यांना गोष्ट सांगताना कुणा पाहुण्याने ऐकलं आणि मुंबईहून बोलावणं आलं. मग दर शनिवारी सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दिवसभर काचेच्या खोलीत किंचाळणं, धापा टाकणं, दात वाजवणं. परत आल्यावर नवरा, महेश, स्टेशनबाहेर स्कूटर घेऊन उभा असे. "आज किती वेळा घाबरलीस?" एवढंच विचारायचा आणि किक मारायचा.

पुढे कार्टून बंद पडलं. नोकरीही संपली. चार वर्षांपूर्वी महेश गेला. मूलबाळ नव्हतं. दूधवाल्याशी दोन शब्द होत, तर तोही आता पिशवी दाराला अडकवून जाऊ लागला. एकदा गॅसवाल्याचा फोन आला आणि सुमनबाईंच्या घशातून आवाजच फुटेना. खाकरल्या, पाणी प्यायल्या, तेव्हा कुठे "हॅलो" निघालं. मग लक्षात आलं, तीन दिवसांत आपण एक अक्षर बोललेलो नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये वेदिका नावाच्या मुलीचा फोन आला. मुंबईत डबिंगचं काम पाहणारी. 'कंदील टोळी'वर नवा ॲनिमेशन सिनेमा येतोय म्हणाली.

"अगं, तो आवाज आता नाही राहिला," सुमनबाईंनी आधीच सांगून टाकलं.

"तो नकोच आहे, ताई. सिनेमात सगळे म्हातारे झालेत. तिघं गाव सोडून गेलीत, भोपू एकटाच मागे राहिलाय. लहान मुलांसाठी नाहीये हा. बराच काळोखा आहे."

या वेळी भूत खुद्द भोपूच होता. गावात रात्री कंदील फिरताना दिसतो, लोक दारं लावून घेतात, आणि बाकीची तिघं त्या भुताच्या शोधात परत येतात, अशी कथा.

स्टुडिओत सुमनबाईंनी कानाला हेडफोन लावला. पडद्यावर सुरकुतलेला भोपू भिंतीकडे तोंड करून बसला होता. वाक्य होतं, "मी भीती घालायला नव्हतो फिरत. वाटलं, कुणीतरी दार उघडून विचारेल, कोण आहे म्हणून."

सुमनबाईंनी ते म्हटलं. घरी महेशच्या रिकाम्या खुर्चीशी बोलावं, तसं. बोलून झाल्यावर त्यांच्या त्यांनाच अंगावर कोणी गार पाणी ओतल्यासारखं झालं. काचेपलीकडे वेदिकेने कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

"परत घ्यायचं का गं?" सुमनबाईंनी विचारलं.

"नको ताई. झालं."

सिनेमा दिवाळीच्या सुट्टीत लागला. गंगापूर रोडच्या थिएटरात मराठीचा एकच खेळ, सकाळी सव्वादहाचा. शेजारच्या अंजलीला त्यांनी विचारून पाहिलं. "काकू, कार्टून?" ती हसली, "मला फराळाचं करायचंय." सुमनबाई ठेवणीतली साडी नेसून एकट्याच गेल्या. थिएटरात मोजून नऊ माणसं.

भोपू अंधारातून पहिल्यांदा बोलला आणि पुढच्या रांगेतली सहा-सात वर्षांची मुलगी रडायला लागली. आपल्याच आवाजाला पोर रडतंय, हे सुमनबाईंना सोसेना. पूर्वी याच आवाजाला शाळेतली मुलं हसून गडाबडा लोळत. मध्यंतरात सुमनबाई त्या मायलेकींच्या मागोमाग बाहेर गेल्या.

"मला वाटलं आमच्या लहानपणीचंच असेल," मुलीची आई वैतागून म्हणाली. "काय भयानक करून ठेवलंय!"

"भोपूचा आवाज माझाच आहे," सुमनबाई म्हणाल्या. मग मुलीसमोर वाकून त्यांनी जुना आवाज काढायचा प्रयत्न केला, "ए, मला पण भीती वाटते हां!" आवाज फाटला. निघाला तो ना पोराचा, ना बाईचा. मुलीने आईच्या ओढणीत तोंड लपवलं.

"सॉरी काकू," आई कसनुसं हसली आणि मुलीला उचलून जिन्याकडे चालू लागली.

सुमनबाई परत जागेवर येऊन बसल्या. पडद्यावर तिघं मित्र दार ठोठावत होते, आतून कोणी कडी काढत नव्हतं. सिनेमा संपला, दिवे लागले, माणसं उठली. नावं सरकत होती, आणि झाडूवाली बाई त्यांच्या पायाशी येऊन थांबली, "उठता का मावशी?" आपलं नाव कधी गेलं ते त्यांना दिसलंच नाही.

घरी येऊन त्यांनी साडीची घडी घातली. आपल्याला कोणी बोलावील म्हणून आपण किती वर्षं बसून आहोत, हा विचार डोक्यातून जाईना. दुपारीच त्यांनी वेदिकेला फोन लावला.

"कसलंही काम असलं तरी सांग. नाव नको की मोठं पात्र नको. तिथे माणसं असली म्हणजे झालं."

वेदिका जरा घुटमळली. "गर्दीचे आवाज घ्यायचेत बुधवारी. बाजाराचा सीन आहे. पण ते तुमच्यासाठी…"

"येते."

बुधवारी स्टुडिओतल्या छोट्या खोलीत बारा जण एका माइकभोवती दाटीवाटीने उभे होते. कुणी कांदे विकत होतं, कुणी भाव करत होतं, एक पोरगी हरवलेल्या भावाला हाका मारत होती. सुमनबाईंच्या वाट्याला कोथिंबीर आली. आधी त्या बिचकत बोलल्या. मग शेजारचा दाढीवाला "ओ मावशी, जुडी केवढ्याला?" असं ओरडला, तशा त्याहून वरच्या पट्टीत म्हणाल्या, "दहाला एक! हात लावून बघ, सकाळची आहे!"

तो खो खो हसला. वेदिकेने काचेपलीकडून खूण केली, हसणं चालेल, थांबू नका.